नाव ख्रिस्तसभेत, श्रद्धा कोठे?

जोयडा तालुक्यासारख्या डोंगराळ भागात, जेथे एकेका धर्मगुरूला दूरदूरच्या वाड्या सांभाळाव्या लागतात, तेथे धर्मशिक्षकापुढे एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. एखादा गृहस्थ नाताळला मिस्साबलिदानास येतो, फेस्ताला वर्गणी देतो, आईवडिलांच्या थडग्यावर मेणबत्ती लावतो. परंतु ख्रिस्त मेलेल्यांतून उठला हे आपल्याला पटत नाही, असे तो मोकळेपणाने सांगतो. तोच गृहस्थ नातवाच्या स्नानसंस्काराची विनंती घेऊन आला, तर त्याला काय उत्तर द्यावे? तो ख्रिस्तसभेचा आहे की नाही?

ईशज्ञानाच्या इतिहासात या प्रश्नाचा पुष्कळ विचार झालेला आहे. संत रॉबर्ट बेलार्मिनो (१५४२–१६२१) यांनी सभासदत्वाचे तीन बंध सांगितले : एकाच श्रद्धेचा उच्चार, त्याच संस्कारांत सहभाग आणि अधिकृत मेंढपाळांची आज्ञाधारकता. हे तिन्ही बंध डोळ्यांना दिसणारे आहेत. अंतःकरणात गुप्त अश्रद्धा असलेला मनुष्यही, बाहेरून श्रद्धा उच्चारीत असेल तोवर, त्यांच्या मते सभासदच ठरतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात (कलम १४) हे तिन्ही बंध राखले. मात्र पूर्ण सभासदत्वासाठी ख्रिस्ताचा आत्मा अंतरी असणे आवश्यक मानले. जो केवळ देहाने ख्रिस्तसभेत राहतो, मनाने राहत नाही, त्याचे ते राहणे तारणास पुरेसे नाही, असा तिचा स्पष्ट इशारा आहे.

यावरून दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. हा मनुष्य आपला आहे काय? स्नानसंस्काराची मुद्रा पुसली जात नाही; म्हणून तो आपला आहे. तो आपल्या श्रद्धेत सहभागी आहे काय? हे नोंदवहीवरून ठरत नाही. शिवाय ‘मला पटत नाही’ असे म्हणणे आणि शिकविल्यानंतरही हट्टाने नाकारणे, यांत मोठे अंतर आहे. १९८३ सालच्या कॅनन कायद्यानुसार (कॅनन ७५१) पाखंड ठरण्यास हट्टाचा नकार किंवा हट्टाचा संशय लागतो. प्रामाणिक अडचण म्हणजे पाखंड नव्हे.

हे दोन प्रश्न एक मानल्याने काय घडते, हे जोयड्याला लागूनच असलेल्या गोव्याच्या इतिहासात दिसते. पोर्तुगीज अमलात गावडे समाजातील अनेकांचा स्नानसंस्कार झाला. पिढ्या गेल्या, नावे पोर्तुगीज झाली, परंतु पुष्कळ घरांतून जुने रीतिरिवाज चालू राहिले. इन्क्विझिशनने १७३६ साली फर्मान काढून असे अनेक रिवाज निषिद्ध ठरविले. पुढे १९२८ साली विनायक महाराज मसूरकर यांच्या शुद्धीच्या चळवळीत सात हजारांहून अधिक गावडे हिंदू झाले. तेच पुढे नवहिंदू गावडे म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांना दोष देणे सोपे आहे. आम्हांस मात्र वाटते की, येथे प्रथम आपणच आपली झडती घ्यावी : त्यांना नाव दिले, नियम दिले, बंदी दिली, पण सुवार्ता किती जणांच्या हृदयापर्यंत पोहोचविली?

याच्या उलट चूकही टाळावी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी बांधवांत हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही आहेत आणि पूर्वजांविषयीचा आदर तिघांतही आढळतो. पूर्वजांचे स्मरण दिसताच ‘येथे श्रद्धा नाही’ असा निवाडा देणे घाईचे होय. त्या स्मरणाचा अर्थ त्यांच्यासाठी काय आहे, हे आधी विचारावे.

आता नातवाचा स्नानसंस्कार. बालकाचे संगोपन कॅथोलिक श्रद्धेत होईल अशी साधार आशा हवी, असे कॅनन ८६८ सांगतो. ती मुळीच नसेल, तर कारण समजावून संस्कार पुढे ढकलावा. नकार देऊन दार लावू नये. येथे प्रथम विचारावयाचे ते आईवडिलांना, कारण संगोपनाचे उत्तरदायित्व त्यांचे आहे. त्यांची श्रद्धा दुर्बळ असली, तरी बालकाची मनापासून काळजी वाहणारे धर्ममातापिता किंवा श्रद्धावंतांचा समुदाय यांच्या आधाराने ती आशा पुरी होऊ शकते, असे रोमने १९८० साली स्पष्ट केले आहे. आजोबांना मात्र धर्मपिता करू नये. हा अपमान नव्हे. जे त्यांना खरे वाटत नाही, ते वेदीसमोर त्यांच्या तोंडून वदवून घेणे हाच त्यांच्या प्रामाणिकपणाचा अपमान ठरेल. त्यांनी समारंभास यावे, नातवाला मांडीवर घ्यावे, आणि पुढे धर्मशिक्षकाने त्यांच्या ओसरीवर बसून त्यांची अडचण ऐकावी.

संत योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय २०) थोमा आठ दिवस असाच होता : शिष्यांत होता, पण त्यांच्या साक्षीवर त्याचा विश्वास नव्हता. शिष्यांनी त्याला बाहेर घातले नाही आणि त्याच्यासाठी आपली साक्षही सौम्य केली नाही. म्हणूनच प्रभू पुन्हा आला, तेव्हा थोमा त्या घरात होता. आपल्या वाड्यांतील अशा गृहस्थांसाठी ते घर उघडे ठेवणे आणि त्यात साक्ष देत राहणे, हे आपले काम आहे.