फायलींना कुलूप लावणारा व्हायरस : तो काय करतो आणि आपण काय करायचं

आजचा विषय ऐकायला शहरातला वाटेल, पण तो आपल्या गटाच्या वहीपर्यंत येऊन पोचलेला आहे.

आता साखऱ्यासारख्या गावातही ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर असतो, सेवा केंद्रात असतो, कुणाच्या घरी शिकणाऱ्या पोराचा लॅपटॉप असतो. गटाची कर्जाची यादी, बँकेचे अर्ज, आधारचे आणि पासबुकचे फोटो हे सगळं त्यात साठत जातं. एखाद्या सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि एकही फाइल उघडली नाही, तर? फायलींच्या नावापुढे भलतीच अक्षरं आणि पडद्यावर इंग्रजी चिठ्ठी : "तुमच्या फायली बंद केल्या आहेत, अमुक दिवसांत पैसे भरा, मग चावी देऊ." याला रॅन्समवेअर म्हणतात, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस.

तो काय करतो, ते साध्या भाषेत सांगते. चोर घरात शिरला, पण त्यानं काही नेलं नाही. आपल्या लोखंडी कपाटाला स्वतःचं कुलूप लावलं, चावी घेऊन गेला आणि दारावर चिठ्ठी चिकटवली. वस्तू आपल्याच घरात आहेत, पण हाताला लागत नाहीत. हा व्हायरस फायलीतला मजकूर गणिती पद्धतीनं असा उलटापालटा करतो, की चावीशिवाय तो कुणालाच वाचता येत नाही. त्या वेळी कॉम्प्युटरला जो पेन ड्राइव्ह लावलेला असेल, त्यातल्या फायलीही सुटत नाहीत. आजकालच्या काही टोळ्या कुलूप लावायच्या आधी माहितीची नक्कलही चोरून नेतात.

हे लांबचं नाही. मे २०१६ मध्ये मुंबईत मंत्रालयातल्या सुमारे १५० कॉम्प्युटरांना 'लॉकी' नावाच्या अशाच व्हायरसनं गाठलं. हा लॉकी बहुतेक वेळा बिलासारख्या दिसणाऱ्या ई-मेलमधून यायचा. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीचे कॉम्प्युटर बंद पडले. मुंबईच्या मुख्य कार्यालयाबरोबर १६ प्रादेशिक कार्यालयांचं काम अडलं.

आणि जुलै २०२४ ची गोष्ट तर थेट आपल्या बँकांची आहे. सी-एज नावाची कंपनी लहान सहकारी बँका आणि ग्रामीण बँकांना कॉम्प्युटरची सेवा देते. तिच्या यंत्रणेवर असा हल्ला झाला. तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनं ३१ जुलैला त्या कंपनीला आपल्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं. देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे यूपीआयसारखे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. एवढ्या मोठ्या संस्थेनंही पहिलं काम केलं ते जोडणी तोडायचं. आपणही तेच करायचं.

आता क्रमानं सांगते.

पहिलं, इंटरनेटची वायर काढा, वायफाय किंवा मोबाइलचं हॉटस्पॉट बंद करा. लावलेला पेन ड्राइव्ह काढा. जोडणी तोडता येत नसेल तर कॉम्प्युटरच बंद करा. "बघू तरी उघडतंय का" म्हणून दुसरा पेन ड्राइव्ह लावू नका, नाहीतर तोही जाईल.

दुसरं, पडद्यावरच्या चिठ्ठीचा मोबाइलनं फोटो काढून ठेवा.

तिसरं, पैसे भरू नका. भरल्यावर चावी मिळेलच याची काही खात्री नाही आणि देणारा गिऱ्हाईक सापडला की चोर पुन्हा येतो.

चौथं, १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. त्या कॉम्प्युटरवरून बँकेचं काम होत असेल तर दुसऱ्या सुरक्षित मोबाइलवरून पासवर्ड बदला आणि बँकेलाही कळवा.

पाचवं म्हणजे साफसफाई. इथंच बरेच जण फसतात. अँटिव्हायरस चालवला की व्हायरस निघतो, पण फायली उघडत नाहीत. चोराला हाकललं म्हणून त्याचं कुलूप निघत नाही ना, तसंच. दुकानदार म्हणेल, "फॉरमॅट मारतो, नवा होईल." फॉरमॅट म्हणजे कपाट आतल्या सामानासकट फेकून देणं. म्हणून त्याला आधी सांगा, की बंद पडलेल्या फायली आणि ती चिठ्ठी एका वेगळ्या डिस्कवर काढून दे, मग सगळं पुसून विंडोज नव्यानं टाक.

बंद फायली कशाला ठेवायच्या? कारण चावी पुढेमागे सापडू शकते. एमआयडीसीच्या वेळी ज्या व्हायरसचं नाव पुढं आलं, त्या 'सिनॅक'च्या टोळीनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या चाव्या स्वतःहून खुल्या केल्या. २०१६ पासून 'नो मोअर रॅन्सम' नावाची वेबसाइट आहे. युरोपातल्या पोलिसांनी कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपन्यांबरोबर ती सुरू केली. तिथं बंद फाइल आणि चिठ्ठी दाखवली की व्हायरस ओळखायला मदत होते आणि चावी उपलब्ध असेल तर फुकट मिळते. प्रत्येकाची मिळते असं नाही. मात्र "फायली उघडून देतो" अशा जाहिरातींच्या नादी लागू नका, त्यात दुसरे चोर बसलेले असतात.

म्हणजे खरं औषध एकच, आधी काढून ठेवलेली नक्कल. महिन्याची बैठक झाली, हिशेब भरला, की गटाच्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवायच्या आणि ती लगेच काढून घ्यायची. कॉम्प्युटरला लावून ठेवलेली नक्कल म्हणजे नक्कल नव्हे. ती दुसरीच्या घरी, अध्यक्ष किंवा सचिव ताईंच्या पेटीत ठेवा. तीन महिन्यांतून एकदा उघडून बघा. दाणे नीट आहेत का ते आपण कणगीत हात घालून बघतोच की.

व्हायरस घरात येतो तो बहुतेक आपल्याच हातानं. अनोळखी ई-मेलमधलं बिल उघडू नका. फुकटातलं 'क्रॅक' सॉफ्टवेअर टाकू नका, घरच्या कॉम्प्युटरांत हा व्हायरस त्या वाटेनं फार शिरतो. विंडोजचे अपडेट बंद करू नका. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' १५० च्या वर देशांत पसरला. त्याला रोखणारा अपडेट दोन महिने आधीच आलेला होता, ज्यांनी घेतला नाही ते सापडले. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा सरकारी योजना म्हणून 'एपीके' फाइल आली तर तिला हात लावू नका. ती बहुधा कुलूप लावत नाही, पण मोबाइलमधून बँकेचे पैसे काढते.

शेवटचं, वही सोडू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची यंत्रणा अशीच बंद पडली, तेव्हा कित्येक दिवस रुग्णांची नोंद हातानं कागदावर झाली. आपली रोकड वही, कर्ज खातेवही, इतिवृत्त आणि प्रत्येकीचं पासबुक यांना कुठलाच व्हायरस लागत नाही. कॉम्प्युटरवर सगळं आहे म्हणून वही भरायची थांबवली, तर कुणी किती फेडलं आणि कुणाचं किती बाकी, यावरून उद्या बायाबायांत भांडण लागेल. वीस रुपये, पन्नास रुपये करून जमवलेल्या बचतीचा पुरावा आपल्या हातात असू द्या.

येत्या बैठकीत एवढंच करा. हिशेबाची नक्कल कुणाकडे राहील ते ठरवा आणि तिचं नाव इतिवृत्तात लिहा.