डागाचं निदान आधी, मलम नंतर

मेडिकलच्या काउंटरवर मनगट पुढे करायचं, "याच्यावर काहीतरी द्या" म्हणायचं आणि मिळालेली ट्यूब खिशात टाकून घरी यायचं. आपल्याकडे त्वचारोगाचा उपचार बहुतेकदा असाच सुरू होतो. ताप उतरला नाही तर माणूस दवाखाना गाठतो. अंगावर चट्टा उठला तर मात्र शेजारी, मावशी, दुकानदार आणि मोबाइलवरचा व्हिडिओ यांच्यातच सल्लामसलत चालते. त्वचा सगळ्यांना दिसते, म्हणून ती सगळ्यांना कळते असा समज आहे. प्रत्यक्षात सारखे दिसणारे दोन चट्टे अगदी वेगळ्या कारणांनी उठलेले असतात आणि एकाला बरं करणारं औषध दुसऱ्याला भडकवतं.

गजकर्णाइतकं याचं ठळक उदाहरण दुसरं नाही.

"खाज थांबली, म्हणजे औषध लागू पडलं"

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. ती बाहेरच्या बाजूला पसरत जाते, म्हणून कडा लाल, उंचावलेली, खवलेदार आणि मधला भाग त्यामानाने साफ, असं वर्तुळ दिसतं. जांघा, कंबर, काख, स्तनांखालची घडी अशा घामेजल्या जागा तिला मानवतात. पावसाळ्यात न वाळलेले कपडे, घट्ट जीन्स आणि घरात सगळ्यांचा मिळून एक टॉवेल असला की तिला आणखी काही लागत नाही.

दुकानातून हाती पडणाऱ्या ट्यूबमध्ये पुष्कळदा तीन-चार औषधांची मिसळ असते: एक बुरशीवरचं, एक-दोन जंतूंवरची आणि सोबत जोरकस स्टेरॉइड. क्लोबेटासोल हे त्यातलं नेहमीचं नाव, आणि ते त्वचेवर लावायच्या सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी आहे. स्टेरॉइडमुळे सूज आणि खाज दोन-तीन दिवसांत ओसरते. रुग्ण खूश होतो. खाज आणि लाली हा मात्र शरीराने बुरशीविरुद्ध चालवलेला प्रतिकार होता, आणि औषधाने तोच दाबलेला असतो. बुरशी निर्धास्त पसरते. मलम थांबवलं की चट्टा पहिल्याहून मोठा होऊन परत येतो, रुग्ण पुन्हा तीच ट्यूब आणतो, आणि हे महिनोन् महिने चालतं. तोवर वर्तुळाचा आकारही बिघडलेला असतो. मग डॉक्टरांनाही नुसत्या नजरेने गजकर्ण ओळखणं अवघड जातं. जांघेतली त्वचा पातळ होऊन तिथे रुंद, तांबूस रेघा उमटतात. या रेघा कायमच्या राहतात. पंचविशीतल्या मुलामुलींच्या मांड्यांवर त्या पाहणं क्लेशदायक आहे, कारण त्या आजाराने दिलेल्या नसतात, उपचाराने दिलेल्या असतात.

२०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइडं 'शेड्यूल एच'च्या कक्षेत आणली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने यासाठी बरीच वर्षं आवाज उठवला होता. नियम कागदावर आहे. काउंटरवर काय घडतं, ते प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे.

दरम्यान बुरशीही बदलली. २०२० साली जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेवर सापडलेल्या एका बुरशीला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असं नाव दिलं. गजकर्णावर वर्षानुवर्षं हुकमी ठरलेल्या टर्बिनाफिन या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधून तिच्या रुग्णांची नोंद झाली, आणि त्यातल्या एका बाईने देशाबाहेर प्रवासही केलेला नव्हता. अशी बुरशी फोफावायला स्टेरॉइड-मिश्रित मलमांचा आणि अर्धवट सोडलेल्या उपचारांचा हातभार लागला, असं तज्ज्ञांचं मत आहे.

मग करायचं काय? डॉक्टरांनी दिलेलं बुरशीनाशक चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर बोटभर लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवायचं. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे, गरम पाण्यात धुतलेले, कडक उन्हात उलटे करून वाळवलेले. लसूण वाटून बांधण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. त्याने त्वचा अक्षरशः भाजते. लिंबू चोळून उन्हात गेलं तर फोड येतात आणि काळे डाग उरतात.

इथे उलट बाजूचा गैरसमजही दूर करायला हवा. स्टेरॉइड म्हणजे विष, असं ऐकून काही आई-बाप इसब झालेल्या बाळाला डॉक्टरांनी दिलेलं सौम्य मलमही लावत नाहीत आणि लेकरू रात्रभर खाजवत राहतं. इसब, सोरायसिस, कोड या आजारांत स्टेरॉइड हे महत्त्वाचं औषध आहे. कोणतं, किती, कुठे आणि किती दिवस, हे ठरलेलं असलं की ते सुरक्षितपणे वापरता येतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेलं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. एवढं साधं माप कुणी समजावून सांगितलं, तरी पुष्कळ भीती कमी होईल.

"नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो"

ही समजूत इतकी खोल रुजली आहे, की नागीण उठल्यावर आधी मांत्रिक आणि गेरूचा लेप, मग डॉक्टर, असा क्रम लागतो. नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि पन्नाशीनंतर, किंवा मधुमेह, कर्करोग, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती घटली की जागा होतो. एका मज्जातंतूच्या वाटेनेच तो त्वचेपर्यंत येतो, म्हणून फोडांचा पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो आणि सहसा मध्यरेषेपाशी थांबतो. छातीवरून पाठीकडे वळसा बहुतेकदा पूर्ण होत नाही. क्वचित दोन्ही बाजूंना फोड आले, तर ते प्रतिकारशक्ती फार कमी झाल्याचं लक्षण असू शकतं आणि तातडीने तपासणी लागते.

खरा धोका वेळ दवडण्यात आहे. असायक्लोव्हिरसारखी विषाणूरोधक औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर सर्वाधिक उपयोगी पडतात. ते तास लेपात गेले तर फोड सुकूनही ती जागा महिनोन् महिने जळत राहू शकते. वयस्कर माणसाला त्या जागी सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर नजर धोक्यात असते, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नागीण एकाकडून दुसऱ्याला जशीच्या तशी होत नाही. मात्र फोडांमधल्या द्रवाच्या संपर्कातून, पूर्वी कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून तान्ही बाळं आणि गरोदर बायका यांना दूर ठेवावं. पन्नाशीपुढच्यांसाठीची लस २०२३ पासून भारतात मिळते.

"खरूज अस्वच्छ माणसांनाच होते"

खरूज एका सूक्ष्म परजीवीमुळे होते. त्याची मादी जेमतेम ०.४ मिलिमीटरची, त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालणारी. रोज साबण लावून आंघोळ करणाऱ्याच्या अंगातूनही ती धुऊन जात नाही. लागण होते ती दीर्घ स्पर्शाने: एका अंथरुणात झोपणं, मुलाला कडेवर घेणं, वसतिगृहात दाटीवाटीने राहणं. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्या काळात माणूस नकळत इतरांना देत असतो. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवतालची जागा आणि रात्री वाढणारी खाज यांवरून ती ओळखता येते.

म्हणूनच एकट्याचा उपचार वाया जातो. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत पर्मेथ्रिनचं मलम लावायचं, सकाळी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा करायचं. तान्ह्या बाळांसाठी आणि गरोदर बायकांसाठी आधी डॉक्टरांना विचारायचं. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवायचं. जे धुता येत नाही ते तीन-चार दिवस पिशवीत बांधून ठेवलं तरी चालतं, कारण अंगाबाहेर हा परजीवी फार टिकत नाही. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते. औषध फसलं असं समजून रोज मलम चोपडू नये. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात एका मुलाला घरी पाठवून काही साधत नाही, सगळ्या खोलीचा उपचार एकाच दिवशी व्हावा लागतो.

"पांढरा डाग म्हणजे महारोग"

या एका समजुतीने जितकी लग्नं मोडली, तितकी कुठल्याही त्वचारोगाने मोडली नसतील. कोड आणि कुष्ठरोग यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते. डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तिथली संवेदना शाबूत असते. तो स्पर्शाने, जेवणाने किंवा सहवासाने कुणालाही होत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड उठतं, ही समजूत किनारपट्टीपासून विदर्भापर्यंत सारखीच ऐकू येते. तिला कसलाही आधार नाही. मलमं, अतिनील किरणांचा उपचार, आणि डाग बरेच महिने स्थिर असतील तर त्वचारोपण, असे मार्ग आज उपलब्ध आहेत. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभ्या केलेल्या 'श्वेता' या संस्थेने कोड असलेल्यांना एकत्र आणलं, त्यांच्यासाठी वधूवर मेळावे घेतले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' या चित्रपटाची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे आणि ती कुणाची दया मागत नाही.

कुष्ठरोगाचा चट्टा वेगळा. तो फिकट किंवा तांबूस असतो, पांढराशुभ्र नसतो. तिथे खाज नाही, वेदना नाही, घाम नाही. गरम-गार कळत नाही. आणि इथेच मोठी गफलत होते. खाजणाऱ्या चट्ट्यावर माणूस चार मलमं लावतो, न खाजणाऱ्याकडे वर्षभर पाहतही नाही. त्या वर्षात जंतू मज्जातंतू निकामी करतो, बोटं बधिर होतात, चुलीचा चटका कळत नाही, जखमा चिघळतात. बोटं झडतात असं लोक म्हणतात, ती या जखमांमुळे.

नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी हा जंतू १८७३ मध्ये शोधला. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी रोग पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू होताच रुग्णाकडून संसर्ग पसरणं झपाट्याने थांबतं. बहुसंख्य माणसांना या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारलं, त्याआधी वर्ध्याजवळच्या दत्तपूरला आणि अमरावतीच्या तपोवनात हे काम सुरू झालं होतं. एवढा वारसा असलेल्या महाराष्ट्रात आजही नवे रुग्ण सापडतात. देशाने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं, म्हणजे दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण. रोग संपला असा त्याचा अर्थ नव्हता. अजूनही भारतात वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण नोंदले जातात, जगातल्या एकूण नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून काढलं गेलं, तेही २०१९ मध्ये.

"रक्त खराब झालंय", "गोरं करणारं क्रीम निरुपद्रवी असतं"

मुरुम, चट्टे, पुरळ, सगळ्याचं खापर रक्तावर फोडायची जुनी सवय आहे. मुरुम येतात ते संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जास्त स्रवतात आणि छिद्रं बुजतात म्हणून. रक्तशुद्धीच्या बाटल्यांनी त्यात फरक पडत नाही. सोरायसिस हासुद्धा प्रतिकारयंत्रणेचा आजार आहे. त्यात त्वचेच्या पेशी महिन्याऐवजी काही दिवसांतच तयार होऊन वर येतात. तो संसर्गजन्य नाही, त्यामुळे सोरायसिस असलेल्याचे केस कापायला नकार देणं हा निव्वळ अन्याय आहे.

गोरेपणाच्या क्रीमची गोष्ट अधिक गंभीर. गालावरचा वांग ऊन, गरोदरपण आणि संप्रेरकांमुळे येतो. त्यावर स्टेरॉइड असलेलं क्रीम लावलं की चेहरा आठवडाभर उजळतो, मग लाल, पातळ, उन्हात जळणारा होतो. काही बिननावाच्या क्रीममध्ये पारा सापडला आहे. केरळमधल्या मलप्पुरम भागातल्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण वाढलेले दिसले आणि त्यातले बहुतेक जण अशी क्रीम वापरत होते. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा त्रास झाल्यावर त्यांच्या क्रीममध्येही पारा निघाला होता. ज्या डबीवर उत्पादक, घटक आणि परवाना क्रमांक छापलेला नाही, ती चेहऱ्याला लावू नये.

चट्टा दिसला की मलम लावण्याआधी दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो काढा. त्या जागी कापसाच्या बोळ्याचा स्पर्श कळतो का, ते डोळे मिटून पाहा. कळत नसेल तर त्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाची तपासणी आणि पूर्ण औषधं तिथे मोफत मिळतात. आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाताना आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब, अर्धी संपलेली असली तरी, सोबत न्या.