विजेचा ब्रश घेण्यापूर्वी

मेहकरास आमच्या घरी लहानमोठी नऊ माणसे आहेत. त्यांत वडीलधाऱ्या म्हणजे आमच्या काकू. त्यांचे वय 78 असून बोटांत संधिवाताने कायमचे बिऱ्हाड केले आहे. स्वतःचे दात अद्यापि बरेच शाबूत आहेत आणि ते शेवटपर्यंत राहावेत अशी त्यांची इच्छा. परंतु साधा ब्रश धरून फिरविणे त्यांस दिवसेंदिवस अवघड होऊ लागले. “दात स्वच्छ होण्याआधी हातच थकतो रे,” असे त्या एके दिवशी म्हणाल्या, आणि विजेचा ब्रश आणावयाचे ठरले.

आणला तो सर्वांत स्वस्त पाहून, मोबाइलवरून मागवून. मूठ सुबक होती, सोबत दोन हेड होती, आणि काकूंस तो मानवलाही. सहा महिन्यांत दोन्ही हेड झिजली. नवी मागवू गेलो, तो त्या बनावटीची विक्रीच बंद झालेली! इतर कंपन्यांची हेड आणून पाहिली; एकही त्या दांडीवर बसेना. मूठ धडधाकट, विद्युत् भरलेली आणि निरुपयोगी. कंपनीचे नाव देण्यात हशील नाही, कारण चूक आमचीही होती. आम्ही मुठीची किंमत पाहिली, हेडांची चौकशी केली नाही.

आमच्या जिल्ह्यातील वाचकांस ही चौकशी विशेष अगत्याची आहे. खुद्द बुलढाणे गावास अद्यापि रेल्वे नाही. समृद्धी महामार्ग 2022 साली शिर्डीपर्यंत खुला झाला आणि मेहकरजवळून रात्रंदिवस माल धावू लागला खरा. पण धावणारा माल आणि आपल्या पेठेतील दुकानात असणारा माल यांत अंतर आहे. म्हणून आमची सूचना अशी की, चिखली, खामगाव किंवा मलकापूर येथील मोठ्या औषधाच्या दुकानी जावे आणि प्रथम हेड मागावे. ते मिळत असेल, तरच त्याची मूठ पाहावी. मोबाइलवरून घेणे असेल, तर त्या मुठीची हेड सुटी विकली जातात काय, एकाहून अधिक विक्रेत्यांपाशी आहेत काय, हे पाहून मग पैसे भरावेत.

एकाच कंपनीचे म्हणून हेड बसेलच असेही समजू नये. ओरल-बीची गोल हेड तिच्या बहुतेक विद्युत् भरण्याच्या मुठींवर बसतात, परंतु ‘आयओ’ नावाच्या नव्या मालिकेची हेड निराळी आहेत. फिलिप्सच्या सोनिकेअरमध्ये जुन्या काही मुठींची हेड आट्यांची, तर पुढील मुठींची दाबून बसविण्याची. अगारो, परफोरा इत्यादी अलीकडील नावांच्या मुठी पुष्कळदा स्वस्त पडतात. त्यांसही हीच कसोटी लावावी. भलत्याच कारखान्याची ‘हुबेहूब’ हेड स्वस्त मिळतात, पण ती सैल बसत असतील किंवा तंतूंची टोके बोटास टोचत असतील, तर हिरड्यांचे नुकसान ठरलेले.

आता खर्चाचा हिशेब. हेड सुमारे तीन महिन्यांनी बदलावे असा दंतवैद्यांचा सल्ला आहे. तंतू वाकले तर त्याआधीच. म्हणजे माणशी वर्षास 4. आमच्या नऊ जणांस 36 लागतील. एका हेडास 200 रुपये धरले, तर वर्षाचे 7,200 रुपये झाले, तेही मुठी सोडून! साधा ब्रश 40 रुपयांचा धरला, तर तेवढेच 36 ब्रश 1,440 रुपयांत येतात. तेव्हा घरातील प्रत्येकास विजेचा ब्रश हवाच का, हा प्रश्न गृहिणीने अवश्य विचारावा.

त्याचे उत्तर शास्त्रात अर्धेमुर्धे सापडते. कॉक्रेन या संस्थेने 2014 साली 56 प्रयोगांचा एकत्र विचार केला. तीन महिन्यांहून अधिक काळ वापरल्यास विजेच्या ब्रशाने दातांवरील कीट साध्या ब्रशापेक्षा 21 टक्के, व हिरड्यांचा दाह 11 टक्के अधिक कमी होतो असे त्यात दिसून आले. लाभ आहे, पण चमत्कार नव्हे. ज्याचा हात चालतो आणि जो दोन मिनिटे मन लावून घासतो, त्याचे साध्या ब्रशावर चांगले भागते. ज्याचा हात कापतो, ज्याची बोटे वळत नाहीत, किंवा ज्या मुलाच्या दातांस तारा बसविल्या आहेत, त्याच्यासाठी हा खर्च सार्थकी लागतो. आणि जो सकाळी मिश्री व दुपारी खर्रा सोडावयास तयार नाही, त्याच्या मुखाचे रक्षण कोणताही ब्रश करणार नाही.

एक मूठ दोघांत चालते. हेड मात्र ज्याचे त्याचे. ओरल-बीच्या हेडांस ओळखीसाठी रंगीत कडी असतात त्या याच कारणे. काकूंस हे प्रथम रुचले नाही. उष्ट्याचा प्रश्न त्यांनी काढलाच, आणि तो अप्रस्तुत नव्हता. पूर्वीच्या ब्रशांत डुकराचे केस असत. 1938 साली अमेरिकेत नायलॉनचे तंतू आले, तेव्हा त्यातून सुटका होऊ लागली. कडुनिंबाची काडी चावून टाकून देणाऱ्या पिढीने त्या ब्रशांस नाके मुरडली, यात नवल ते काय! असो. मूठ रोज धुवावी, हेड निराळी ठेवावीत, एवढ्या अटीवर तडजोड झाली.

मिनिटास 30–40 हजार कंपने, पाच प्रकारचे वेग, मोबाइलशी जोडणी, या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. दोन मिनिटांची सूचना देणारी आणि फार दाबल्यास इशारा देणारी मूठ मिळाली म्हणजे पुष्कळ झाले. वीज जाते याची चिंता नको. एकदा भरलेली मूठ एका माणसास आठवडाभर तरी सहज पुरते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाण पट्ट्यातील घरांत मुठीच्या धातूच्या दांडीवर पांढरी पुटे चढतात. हेड काढून ती रोज पुसावी. भरड दंतमंजन या ब्रशावर घेऊ नये. घरात कोणाच्या हृदयास पेसमेकर बसविला असेल, तर आधी डॉक्टरांस विचारावे.

काकूंची दुसरी मूठ आम्ही खामगावास जाऊन, हेड आधी हातात घेऊन आणली. ते बदलण्याच्या तारखा ध्यानात राहत नसत; तेव्हा काकूंनीच युक्ती काढली. संक्रांत, गुढीपाडवा, आषाढी आणि दसरा. सध्याचे हेड पाडव्यास लावलेले आहे.