मोटारसायकल-संघांतील पायरी आणि मान : खानदेशातील वाटसरू समूहांच्या संदर्भात

मोटारसायकल हे मूलतः एकट्याचे वाहन होय. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिच्यावर चालकाखेरीज एकाच व्यक्तीस बसता येते. बैलगाडीत कुटुंब मावते, एस.टी.च्या गाडीत अर्धे गाव मावते; मोटारसायकलीवर बसणारा मात्र बहुधा आपल्यापुरताच निघालेला असतो. असे असूनही या वाहनावर फिरणारी माणसे संघ स्थापन करतात, पदे निर्माण करतात, नव्या सभासदाची परीक्षा घेतात आणि ज्येष्ठ-कनिष्ठ भाव कटाक्षाने पाळतात. स्वातंत्र्याची खूण म्हणून मिरविले जाणारे वाहन आणि इतकी कडक शिस्त, हा विरोध वरवर पाहता चमत्कारिक वाटतो. त्याची उकल करणे आणि खानदेशातील रस्त्यावरच्या जुन्या समूहजीवनाशी त्याचा संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. संघाची उत्पत्ती

मोटारसायकलस्वारांचे संघ प्रथम युरोप-अमेरिकेत निघाले. अमेरिकेतील मोटारसायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना १९२४ साली स्थापन झाली. शर्यती भरविणे, सहली काढणे आणि रस्त्यावर सभ्यपणे वागणे असे तिचे साधे स्वरूप होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात पालट झाला. सैन्यातून परतलेल्या अनेक तरुणांना नागरी जीवन निःसत्त्व वाटू लागले. तुकडीतील बंधुभाव आणि धोक्याची सवय यांची जागा त्यांनी मोटारसायकलीने भरून काढली. १९४७च्या जुलै महिन्यात कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहान गावी स्वारांच्या मेळाव्यात दंगा झाला. वृत्तपत्रांनी त्यास अवास्तव प्रसिद्धी दिली आणि १९५३ साली मार्लन ब्रँडो याच्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटाने उद्दाम स्वाराची प्रतिमा जगभर पोहोचविली. या प्रतिमेतूनच पुढे काही संघांनी स्वतःस समाजाबाहेरचे म्हणवून घेण्यात भूषण मानले.

भारतातील स्थिती निराळी आहे. मद्रासेत १९५५ साली एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिची ‘बुलेट’ प्रथम लष्कर व पोलीस यांचे वाहन म्हणून लोकांच्या परिचयाची झाली. म्हैसूर येथे १९६०नंतर ‘जावा’ आणि पुढे ‘येझदी’ या गाड्या तयार होऊ लागल्या; तो कारखाना १९९६ साली बंद पडला. १९८५ साली आलेल्या हिरो होंडाच्या ‘सीडी १००’ने अल्प पेट्रोलात दूर जाण्याची सोय केली आणि मोटारसायकल सामान्य घराच्या अंगणात आली. आज जळगाव-धुळ्याकडे ती दुधाच्या कॅन वाहते, केळीच्या बागेत मजूर पोहोचविते, कापसाचे बियाणे आणि फवारणीचा पंप शेतावर नेते. अर्थात, येथे नुसते वाहन बाळगल्याने कोणी ‘स्वार’ ठरत नाही. कामाविना, केवळ प्रवासासाठी प्रवास करणारे जेव्हा एकत्र येतात, तेव्हाच संघ जन्मास येतो. गोव्यात भरणारे बुलेटस्वारांचे वार्षिक संमेलन किंवा जुलैच्या दुसऱ्या रविवारी जागोजागी साजरा होणारा जावा-येझदी दिन ही या प्रवृत्तीची ठळक उदाहरणे होत.

२. सभासदत्वाच्या पायऱ्या

पाश्चात्त्य पद्धतीच्या संघात प्रवेश एकदम मिळत नाही. इच्छुक प्रथम संघाच्या आसपास वावरतो. नंतर त्यास ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणजे उमेदवार म्हणून स्वीकारतात. या काळात त्याने गाड्या राखाव्यात, सांगितलेले काम निमूटपणे करावे, मत देऊ नये, अशी अपेक्षा असते. सभासदांच्या संमतीनंतरच त्यास जाकिटाच्या पाठीवरील संपूर्ण चिन्ह, ‘पॅच’, लाभते. हे चिन्ह संघाची मालमत्ता मानले जाते. संघ सोडणाऱ्याने ते परत करावयाचे असते. सभासदांच्या वर अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, शिस्त राखणारा ‘सार्जंट-ॲट-आर्म्स’ आणि प्रवासाची आखणी करणारा ‘रोड कॅप्टन’ अशी पदे असतात. या पदांवर लष्करी रचनेची छाप उघड दिसते.

फ्रेंच विद्वान आर्नोल्ड व्हान जेनेप याने १९०९ साली संक्रमणविधीचे तीन टप्पे सांगितले : पूर्वस्थितीपासून वियोग, मधली अधांतरी अवस्था आणि नव्या समूहात समावेश. उमेदवाराचा काळ ही त्यांतील मधली अवस्था होय. कॅनडातील मानवशास्त्रज्ञ डॅनियल वुल्फ याने ‘रेबल्स’ या संघात प्रत्यक्ष राहून केलेला अभ्यास १९९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बाहेरून अराजक भासणारा असा संघ आतून अत्यंत नियमबद्ध असतो, हे त्यातून स्पष्ट होते. आपल्याकडील बहुतेक मंडळांनी या पद्धतीतून पदांची नावे आणि जाकिटावरील चिन्हे उचलली. समाजाबाहेर राहण्याची वृत्ती मात्र उचलली नाही.

३. रस्त्यावरील क्रम

सभासदत्वाच्या पायऱ्या संघाच्या बैठकीत दिसतात. दुसरा एक क्रम केवळ रस्त्यावर दिसतो आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. दहा-पंधरा गाड्यांचा समूह निघाला की सर्वांपुढे मार्ग जाणणारा नायक असतो. त्याच्या लगोलग मागे अनुभवी स्वार नसतो. तेथे सर्वांत नवखा किंवा सर्वांत कमी शक्तीची गाडी असलेला सभासद ठेवतात. नायकाने त्यास आरशात पाहावे आणि त्याला झेपेल तोच वेग धरावा, हा त्यातील हेतू असतो. सर्वांच्या शेवटी पिछाडी सांभाळणारा स्वार असतो. हत्यारांची पिशवी, पंक्चरचे सामान आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्यापाशी असते. कोणाची गाडी बंद पडली तर तो थांबतो. त्याच्या मागे आपल्यापैकी कोणी उरलेला नाही, याची हमी म्हणजे तो स्वतः.

सरळ रस्त्यावर गाड्या एकामागे एक न धावता आळीपाळीने उजव्या व डाव्या बाजूस राहतात, म्हणजे प्रत्येकास पुढे दृष्टी आणि थांबावयास अंतर मिळते. घाटात व वळणावर ही रचना मोडून एकेरी रांग धरावयाची असते. प्रत्येकाने आपल्या मागच्यास आरशात ठेवावे. तो दिसेनासा झाला तर वेग कमी करावा. असे सर्वांनी केले म्हणजे पिछाडीची अडचण निरोपावाचून नायकापर्यंत पोहोचते. फाट्यावर नायकाच्या मागचा स्वार उतरून उभा राहतो, सर्वांस दिशा दाखवितो आणि पिछाडीचा स्वार आल्यावरच निघतो.

जळगाव-धुळ्याच्या स्वारास या नियमांचे मोल निराळे सांगावे लागत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यास एकमेकांस छेदतात. मालमोटारींची रीघ, उसाच्या व कापसाच्या गाड्या, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणारा पारा आणि चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट, अशा रस्त्यांवरून त्यास जावयाचे असते. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत दुचाकीवरील माणसांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. ही संख्या ध्यानात घेतली म्हणजे नायकाची आज्ञा पाळणे ही निव्वळ शिष्टाचाराची बाब उरत नाही.

४. खानदेशातील पूर्वपरंपरा

रस्त्यावर समूहाने चालण्याची रीत खानदेशास नवी नाही. चाळीसगाव, पाचोरा, जामनेर या भागांत आज वस्ती करून राहिलेल्या बंजारा समाजाचे तांडे पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदूरचा प्रवास करीत. तांड्याचा प्रमुख नायक आणि त्याचा सहायक कारभारी. वाट कोणती धरावी, मुक्काम कोठे करावा, तंटा कसा मिटवावा, हे नायकाच्या अधिकारात असे. १८६०नंतरच्या दशकात रेल्वे आली आणि हा व्यापार ओसरला. नायक-कारभारी ही पदे मात्र तांड्यांत टिकून राहिली.

दुसरे उदाहरण मुक्ताईच्या पालखीचे. मुक्ताईनगरजवळील कोथळी येथून निघून बुलढाणा, जालना व बीड जिल्ह्यांतून ती सुमारे महिनाभराच्या पायी वाटचालीने पंढरपुरास पोहोचते. वारीच्या दिंडीत पताका पुढे, टाळकरी रांगेने, वीणेकरी आपल्या नेमक्या स्थानी, असा क्रम ठरलेला असतो. आळंदीच्या सोहळ्यात सायंकाळच्या समाज-आरतीस चोपदाराने दंड उंचावताच सर्व टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिचे म्हणणे ऐकून घेतो. अधिकारी पुरुष आज्ञा देतो आणि त्याच जागी तक्रारही ऐकतो, ही गोष्ट येथे विशेष लक्षणीय आहे.

तिसरे उदाहरण नवरात्राच्या ज्योतीचे. घटस्थापनेच्या सुमारास अनेक गावांतील तरुण सप्तशृंगी गडावरून ज्योत पेटवून आणतात. ज्योत घेतलेला तरुण पळत असतो, पुष्कळदा अनवाणी. मोटारसायकली व टेम्पो त्याच्या मागेपुढे चालतात आणि दमलेल्याच्या हातून पुढचा ज्योत घेतो. सर्वांत वेगवान वाहन येथे माणसाच्या पावलाशी आपला वेग जुळवून घेते. मोटारसायकल-संघाच्या नियमांचे मर्म खानदेशी तरुण अशा रीतीने संघाचे नावही ऐकण्यापूर्वी शिकलेला असतो.

५. ‘मान’ या शब्दाचा अर्थ

मराठीत ‘मान’ हा शब्द केवळ आदर या अर्थी वापरला जात नाही. जत्रेत ‘मानकरी’ तोच, ज्याच्याकडे एखादे काम परंपरेने सोपविलेले असते. खानदेशात यात्रेच्या दिवशी बारागाड्या ओढतात. एकमेकींस जोडलेल्या गाड्यांवर माणसे दाटीने बसतात; ओढण्याचा मान भगताचा, आणि त्याच्या दोन्ही अंगांस त्यास सावरणारे बगले. गाडीवर बसणाऱ्यास मौज मिळते. मान मात्र ओढणाऱ्यास मिळतो. मान आणि भार यांची अशी सांगड या प्रदेशाच्या अंगवळणी पडलेली आहे.

संबोधनातही हेच दिसते. खानदेशात वडीलधाऱ्यास आप्पा, नाना, आबा, बापू, तात्या अशा नावांनी हाक मारतात. बरोबरीच्याला ‘भाऊ’ आणि जवळिकीत ‘भो’ म्हणतात. स्वारांच्या मंडळात पदांची इंग्रजी नावे कागदावर राहतात आणि बोलताना ‘दादा’, ‘भाऊ’, ‘आप्पा’ हीच रूढ होतात. हा बदल केवळ भाषेचा नव्हे. अध्यक्षाची मुदत संपते. दादाची संपत नाही. तसेच अध्यक्षाने सभासदाची विचारपूस केली नाही तर कोणी त्यास दोष देत नाही, पण दादाने ती न केल्यास त्याचे दादापण उणे होते. गॅरेजमधल्या उस्तादाचे स्थान याच न्यायाने उंच असते. त्याच्या अंगावर कोणतेही चिन्ह नसते; तरी इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या या माणसापुढे नवी महाग गाडी घेऊन आलेला सभासदही नम्र होतो.

६. पायरीचे दोष

पायरीची ही व्यवस्था सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र नव्हे. उमेदवाराची परीक्षा हा पुष्कळदा छळाचा सभ्य पर्याय ठरतो. गाडीच्या किमतीवरून सभासदाची पायरी ठरू लागली की शंभर सी.सी.च्या गाडीवर येणारा शेतकऱ्याचा मुलगा आपोआप रांगेबाहेर पडतो. स्त्रियांचा प्रश्न तर अधिक जुना आहे. अनेक पाश्चात्त्य संघांनी त्यांस सभासदत्व नाकारले. अमेरिकेत १९४० साली ‘मोटर मेड्स’ ही स्त्रियांची स्वतंत्र संघटना निघाली, आणि पुण्यात २०११ साली ‘बायकरनी’ ही भारतीय स्त्री-स्वारांची संघटना स्थापन झाली. एकत्र प्रवासाने सर्व भेद आपोआप गळून पडतात, हा समजही भाबडा आहे. इरावती कर्वे यांनी वारीवरील आपल्या लेखात, एकत्र चालणाऱ्या आणि एकच अभंग गाणाऱ्या दिंडीतही जेवणाच्या पंक्ती जातीप्रमाणे निराळ्या असल्याचे खेदाने नोंदविले आहे. जी गोष्ट भक्तीने साधली नाही ती पेट्रोलने साधेल असे मानण्यास आधार नाही.

या दोषांचे मूळ एकच दिसते. संघात दोन क्रम नांदत असतात : एक चिन्हांचा व पदांचा, दुसरा रस्त्यावरील जबाबदारीचा. पहिला दुसऱ्याच्या अधीन असतो तोवर पायरीस अर्थ असतो. अध्यक्षच जर घाटात सर्वांस मागे टाकून निघून जाऊ लागला, किंवा शिस्त सांगणाऱ्याच्याच डोक्यावर शिरस्त्राण नसले, तर पद राहते आणि मान जातो. अशा वेळी कनिष्ठाने आज्ञा पाळणे हा गुण न राहता त्याच्या जिवास अपाय ठरतो. म्हणून संघाच्या घटनेत आज्ञेच्या कलमाबरोबर तक्रारीचेही कलम असले पाहिजे. ‘हा वेग मला झेपत नाही’ असे नवख्याने सांगितल्यास त्याची पायरी खाली येणार नाही, असा निर्वाळा त्यास मिळाला पाहिजे. समाज-आरतीत टाळ वाजवीत राहणाऱ्या दिंडीस जो अधिकार आहे, तो त्यासही असावा.

समारोप

मोटारसायकल-संघातील ज्येष्ठ-कनिष्ठ भाव ही केवळ पाश्चात्त्यांची नक्कल नव्हे आणि केवळ पौरुषाचे प्रदर्शनही नव्हे, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. धोक्याच्या वाटेवर एकत्र जाणाऱ्या माणसांस क्रम लागतोच. तांड्यास तो लागला, दिंडीस लागला, तसाच यांनाही लागतो. त्या क्रमाची कसोटी नायकाच्या वेगाने होत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर पिछाडीचा स्वार येईपर्यंत इतर जण चहाला थांबतात की नाही, यावरून ती अधिक खात्रीने करता येते. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील स्वारमंडळे, ज्योत आणणारी तरुण मंडळे आणि गॅरेजमधील उस्ताद-शागीर्द संबंध यांची पद्धतशीर नोंद झाल्यास खानदेशच्या समाजजीवनाच्या अभ्यासात एक उपयुक्त भर पडेल.