अ‍ॅक्सलखालचा बोल्ट

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. झगझगीत दिवे, चामड्याच्या बैठकी, आरशासारखे पत्रे यांचे कौतुक जो तो करीत होता. अशा गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलखाली वाकून पाहणारा रसिक मात्र विरळाच. आणि जुनी गाडी चालती ठेवण्याची खरी परीक्षा तर तेथेच होते.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून काही रोल्स रॉइस नाहीत. पण दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या बोळांतून एखाद्या छपराखाली अजून अँबॅसिडर दिसते. आमच्याकडे आहे ती तीर्थरूपांची. राजवाड्यावर गाऊन संसार केलेल्या माणसाने ती घेतली, आणि तंबोऱ्याला जशी गवसणी तशी तिला खोळ शिवून घेतली! असली गाडी विकावयाची नसते आणि नुसती उभीही करावयाची नसते.

या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल दोन बाजूंच्या पाट्यांवर बसतो व प्रत्येक बाजूस यू-बोल्टांनी आवळलेला असतो. पाट्यांच्या थरांतून मधोमध एक बोल्ट जातो आणि त्याचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतील भोकात बसते. अ‍ॅक्सल नेमका कोठे राहावा हे ते बोटभर डोके ठरविते. यू-बोल्ट सैल पडले की सारा भार त्याच्यावर येतो. ते तुटले की अ‍ॅक्सल मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागते. कान असेल तर हे आधी ऐकू येते. डिफरन्शियलची घरघर वेगाबरोबर चढत जाते. सैल बोल्टाचा ठोका मात्र गाडी निघताना आणि ब्रेक लागताना, समेवर पडावा तसा, एकदाच पडतो.

मग बोल्ट आणावयाचा, आणि येथून कथा सुरू होते.

अँबॅसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास ती २०१४ पर्यंत तयार होत होती. तिची हाडे इंचांत मोजलेली आहेत. पुढे तिला इसुझूचे इंजिन बसू लागले ते मिलिमीटरांत. म्हणजे एकाच गाडीत पुढे एक भाषा आणि मागे दुसरी. त्यात इंचाचीही एक भाषा नाही. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली इंग्रजी आट्यांचे माप ठरविले, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत तोच ६० अंशांचा. दुसऱ्या महायुद्धात एकाचे नट दुसऱ्याच्या बोल्टाला चालेनात, तेव्हा १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून ६० अंशांचे एक माप मान्य केले. पुढच्या काही वर्षांत इंग्रजी मोटारी त्या मापावर आल्या. त्याआधीची गाडी असेल तर जुने माप, नंतरची असेल तर नवे.

आपले मिस्त्री अजून सुतांत बोलतात, आणि ते फार सोयीचे आहे. इंचाचे आठ सूत. तीन सुती बोल्टाला जुन्या बारीक इंग्रजी आट्यांत इंचाला २० आटे, नव्यात २४. दुकानदाराने दोन्ही हातांवर ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. अडीच सुती बोल्टाची गोष्ट याहून फसवी. त्याची जाडी ७.९४ मिलिमीटर, म्हणजे बाजारात कोठेही मिळणारा आठ मिलिमीटरचा बोल्ट जवळजवळ तोच! तो नटात दोन फेरे सुखाने जातो आणि मग अडतो. ‘बसेल साहेब, जरा पाना लावा,’ हे वाक्य आम्ही दुकानादुकानांतून ऐकले आहे. पाना लावला की तो बसतोही, आटे खाऊन बसतो. थोड्या उतरलेल्या षड्जावर गाणे जसे तासभर ओढता येते, तसा तो काही दिवस ओढला जातो. फरक इतकाच की गाणे बिघडले तर श्रोते उठून जातात, येथे बोल्ट सुटला तर गाडीत माणसे बसलेली असतात.

म्हणून बाजारात जाताना जुना बोल्ट नटासकट कापडात बांधून न्यावा, आणि सोबत आटे मोजण्याची पट्ट्यांची गेज ठेवावी. ती महाग नसते. पुण्याची नाना पेठ, मुंबईचा चोर बाजार, दिल्लीचे काश्मिरी गेट ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत. पण अँबॅसिडरसाठी कलकत्त्याचा मल्लिक बाजार आम्हाला अधिक जवळचा वाटतो. ज्या शहरात ती टॅक्सी म्हणून पिढ्यान्पिढ्या राबली, तेथील दुकानदाराला माप सांगावे लागत नाही.

लेथवर करून घेऊ, असे पुष्कळजण म्हणतात. आटे हुबेहूब निघतील, यात शंका नाही. परंतु टर्नरच्या कोपऱ्यात पडलेली सळई बहुधा मऊ लोखंडाची असते, आणि अ‍ॅक्सलचा बोल्ट चिवट पोलादाचाच हवा. इंची बोल्टाच्या डोक्यावरील तीन रेषा किंवा सहा रेषा ही त्या पोलादाची खूण. डोके कोरे असेल तर अ‍ॅक्सलसाठी तो हातातही घेऊ नये. यू-बोल्ट मात्र ट्रकचे पाटे दुरुस्त करणाऱ्यांकडून करून घेता येतात. त्यांना सळईची जाडी, दोन पायांमधील आतले अंतर, पायाची लांबी आणि आटे एवढे लिहून द्यावे, आणि सळई तापवून न वाकवता थंडच वाकवावी असे बजावून सांगावे. चारही एकदम बदलावेत. एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट काढून पुन्हा चढविणे ही काटकसर नव्हे.

आमचे चार गेल्या आठवड्यात चढले. गाडी चाकांवर उभी असताना, कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे आवळीत मिस्त्रींनी ते कसले. नवे पोलाद थोडे बसते, पाटेही बसतात, म्हणून काही अंतर चालवून पुन्हा कसावे लागतात. रविवारी पावागडापर्यंत जाऊन येऊ. सोमवारी गाडी परत मिस्त्रींच्या दारात.