जाहिरातीतले अरुण कोलटकर

'जेजुरी'चे कवी म्हणून अरुण कोलटकर सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता जाहिरातीचा, आणि त्यातही हा माणूस अव्वल!

कोल्हापूरचा हा मुलगा १९४९ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. मध्ये शिक्षण रखडलं, डिप्लोमा हाती आला तो १९५७ साली. पुढे व्हिज्युअलायझर, मग आर्ट डायरेक्टर. जाहिरात क्षेत्रातला मानाचा 'कॅग' पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळवला, 'कॅग'च्या हॉल ऑफ फेममध्येही त्यांची नोंद झाली. मराठी माणसाने हे अभिमानाने सांगायला हवं.

या वाटेवर भेटलेले कर्सी कत्रक फार मोलाचे. नावाजलेले जाहिरातकार आणि स्वतः कवी! 'जेजुरी' छापावी म्हणून कोलटकरांच्या मागे लागले तेही हेच. १९७६ साली पुस्तक आलं, १९७७ साली त्याला कॉमनवेल्थ कविता पुरस्कार मिळाला.

आणि छंद? अर्जुन शेजवळांकडे ते पखवाज शिकले. वाचन अफाट. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये मित्रांसोबत गुरुवारची बैठक ठरलेली. त्या परिसराच्या निरीक्षणातूनच 'काळा घोडा पोएम्स' उभं राहिलं, २००४ साली.