सागाचा गाभा

सहीह बुखारीत हजरत इब्ने उमर (रजि.) यांची एक रिवायत आहे. प्रेषितांच्या (स.) हयातीत मस्जिदे नबवी कच्च्या विटांची होती, छप्पर खजुराच्या झावळ्यांचे, खांब खजुराच्या खोडांचे. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी ती वाढवली तेव्हा भिंती आणि खांब नक्षीदार दगडाचे केले, आणि छप्पर घातले ते ‘साज’चे. अरबीतला साज म्हणजे आपला साग, उर्दूतले सागवान. अरबस्तानच्या रानात हे झाड नाही. ते मूळचे हिंदुस्थान, ब्रह्मदेश, थायलंड आणि लाओसचे.

समुद्रापलीकडून लाकूड मागवण्याइतके त्यात काय होते? सागाच्या गाभ्यात एक तेलकट द्रव्य असते. त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, पाणी लवकर मुरत नाही, आणि लाकूड फुगणे-आकसणेही कमी. म्हणून जहाजे बांधणाऱ्यांचे ते आवडते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचे ‘ट्रिंकोमाली’ बांधले, 1817 साली ते पाण्यात उतरले, आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला ते तरंगते आहे.

मात्र हे गुण गाभ्याचे, अख्ख्या खोडाचे नव्हेत. ओंडक्याचा आडवा काप पाहिला की कडेला पांढरट पट्टा दिसतो आणि आत सोनेरी-तपकिरी भाग. पांढऱ्यातून झाड मुळांचे पाणी वर चढवते. त्याला वाळवी खुशाल खाते. वर्षे जातात तसतसा आतला पांढरा भाग गाभ्यात बदलत जातो. कोवळ्या झाडात पांढरेच जास्त.

शाळेच्या आवारात साग असेल तर मुलांना त्याचे कोवळे पान तळहातावर चोळायला सांगावे. मेंदी लावल्यासारखा हात लाल होतो. आमच्या वर्गात हा धडा कधी कंटाळवाणा झाला नाही. पान हातभर लांब, खरखरीत. उन्हाळ्यात झाड उघडे-बोडके, आणि पावसाळ्यात शेंड्यावर पांढऱ्या बारीक फुलांचे मोठे तुरे. एवढे थोराड झाड पुदिना-तुळशीच्या कुळातले, हे मुलांना पटवताना मात्र वेळ लागतो. फळ कागदी फुग्यात बसलेले, आतले कवच फार टणक. म्हणून बी आलटून-पालटून भिजवतात, वाळवतात, मग पेरतात. रोपवाटिकेत मिळते ती सागजडी, म्हणजे वर्षभराच्या रोपाचे मूळ आणि खोडाचा बोटभर तुकडा. सावली त्याला सोसत नाही, मुळाशी पाणी साचलेलेही नाही.

आता मुद्द्याचे. नव्वदच्या दशकात ‘आज थोडे पैसे भरा, वीस वर्षांनी सागाचे लाखो घ्या’ अशा जाहिरातींचा सुळसुळाट झाला होता. मुलीच्या लग्नासाठी म्हणून आमच्या ओळखीतल्या काही घरांनी पैसे भरले. त्यांच्या हाती ना झाड आले ना रक्कम. 1999 मध्ये सेबीने अशा योजनांसाठी नियम केले. तरी लवकर तयार होणाऱ्या सागाची बोलणी अजून कानावर येतात. वनखाते आपल्या लागवडीची अखेरची तोड साधारण 50 ते 80 वर्षांनी करते, ते उगाच नाही. पाणी-खत देऊन खोड लवकर जाडजूड करता येते, पण गाभा भरायला वर्षेच लागतात. नातीच्या नावाने बांधावर साग लावणे आम्हाला पसंत आहे, मुलीच्या लग्नाचा हिशेब त्यावर मांडणे नाही.

आणि झाड आपल्या जमिनीत असले तरी मनाने तोडता येत नाही. 1964 च्या कायद्याने सागाच्या तोडीला परवानगी लागते, आणि माल हलवायला वाहतूक परवाना. व्यापारी ‘कागदाचे आम्ही बघतो’ म्हणाला तरी कागद आधी पाहावा, विसार नंतर घ्यावा.

जुने घर पाडताना चौकटी-तुळया भंगाराच्या भावात देऊ नयेत. ओळखीच्या सुताराकडून रंगाखालचे लाकूड थोडे रंधून घ्यावे. आत सोनेरी रंग आणि चामड्यासारखा वास आला, तर ती चौकट नव्या घरात बसवून घ्यावी.